सात अंगठे आणि एक डिसमिस झालेला दावा

आधीच सांगून टाकते, पक्षकाराची ओळख लागू नये म्हणून गाव, तालुका आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात आणि कुणाचंच नाव घेणार नाहीये. बाकी झालं तसंच लिहितेय. घोटाळा आमचाच होता, त्यात पहिला नंबर माझा, त्यामुळं कुणावर ढकलायचा प्रश्नच नाही.

कोल्हापुरात आमची महिला वकिलांची संघटना आहे. मोठी काही नाही, कामाला येणाऱ्या धरल्या तर पंधरा-सोळा जणी. इतकी वर्षं आम्ही काय केलं म्हणाल तर आठ मार्चला एखाद्या मॅडमचा सत्कार, संक्रांतीला बाररूममध्ये हळदीकुंकू, नवरात्रात नऊ रंगांचे फोटो, आणि वकिलीची नवीन सनद घेऊन आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी कुठला शिरस्तेदार कुठं बसतो ते दाखवणं. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं भिशी मंडळातपण होतं.

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी आमच्यातल्या धाकटीला सातव्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितली. धाकटी म्हणजे वयानं लहान, प्रॅक्टिस मात्र सहा वर्षांची, स्वतःची, कुणाच्या हाताखाली नाही. सीनियर नाही, ज्युनियर नाही, एक टेबल, एक कपाट आणि ४३ फाईली. नवरा खासगी नोकरीत, सासरी वकिली कुणाची नाही. तिला लीव्ह कोण देणार? मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्ट १९६१ चा (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला), २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली, बँकेतल्या, कारखान्यातल्या बाईला ती मिळते आणि मिळायलाच पाहिजे, पण वकील कुणाची नोकर नाही, त्यामुळं तिला त्यातलं काहीच नाही. उलट सीपीसीची, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची, ऑर्डर १७ काढून बघा, तीनपेक्षा जास्त मुदती द्यायच्या नाहीत म्हणते, आणि वकील आजारी आहे एवढ्यावर मुदत मिळत नाही, पक्षकाराला वेळेत दुसरा वकील का लावता आला नाही ते कोर्टाला पटवावं लागतं. म्हणजे कायदाच सांगतोय की दुसरा वकील बघ. एकटीनं प्रॅक्टिस करणाऱ्या बाईला याचा अर्थ काय होतो, तर फाईल गेली. एकदा पक्षकार दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला की बाळाला घेऊन परत आलीस तरी तो काही उठून येत नाही.

तर तिनं डायरीच्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. आमचं काय, आमच्या उत्साहाला पार नव्हता. "तू निवांत झोप गं", "आम्ही हाय की", "बाळाकडं बघ, कोर्टाकडं आम्ही बघतो". प्रत्येक फोटोखाली अंगठे. मलापण खरंच भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पहिले दोन आठवडे सगळं छान चाललं. कुणी मुदतीचा अर्ज दिला, कुणी तारीख घेतली, एकीनं तर तिच्याकडच्या एका घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये पूर्ण युक्तिवाद केला.

आता ज्या दाव्यात माती खाल्ली त्याबद्दल.

वाटपाचा दावा, वादी बहीण, प्रतिवादी दोन भाऊ, दीड एकर उसाची जमीन आणि गावातलं घर. बाई विधवा आहे, दोन म्हशी, सकाळची धार काढून डेअरीला दूध घालून मग एसटीनं कोर्टात यायची. कायद्याच्या बाजूनं दावा अगदी सरळ, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. तिचं लग्न १९९१ चं. महाराष्ट्रानं १९९४ ला मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सेदार, केलं खरं, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून, त्यामुळं ती दुरुस्ती हिच्या उपयोगाची नाही. मग हिंदू वारसा कायद्यात २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, लग्नाची अट गेली. पण वडील २००३ ला वारलेले, म्हणून भावांचा वकील म्हणायचा की २००५ ला बाप जिवंत नव्हता, मग मुलगी सहदायाद कशी. तोही काटा सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात काढून टाकला, वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानंच. त्यानंतर धाकटीनं २०२१ मध्ये दावा घातला, जमीन विकू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि दावा वादीच्या पुराव्याला लागला. सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे वादीची स्वतःची साक्ष शपथेवर लिहून, तेवढं द्यायचं होतं. धाकटीच्या बीपीच्या भानगडीत दोन तारखा आधीच गेलेल्या.

तारीख होती २१ ऑगस्ट २०२५, गुरुवार.

तो आठवडा कोल्हापूरच्या वकिलांना जन्मभर लक्षात राहील. चाळीसेक वर्षं मागणी, आंदोलनं, साखळी उपोषणं करून अखेर हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळालं, १७ ऑगस्टला सरन्यायाधीश गवईसाहेबांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १८ तारखेपासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची कामं इथं. ज्यांनी उभ्या आयुष्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन, अंघोळ कुठंतरी उरकून, संध्याकाळी "नॉट रीच्ड", म्हणजे आज नंबर लागला नाही, ऐकून परत यायचं एवढंच केलं त्यांना काय वाटलं असेल बघा. माझंपण एक जुनं अपील होतं, त्याच्यासाठी मी २१ ला भाऊसिंगजी रोडला, या बेंचकडं होते. जिल्हा न्यायालय तिकडं कसबा बावड्याला. मनात हिशोब असा की अकरापर्यंत इकडचं उरकून रिक्षा पकडून बावड्याला पोचू, आणि नाहीच जमलं तर गडहिंग्लजवाली आहेच तिथं, तिचापण अंगठा होता की त्या फोटोखाली.

गडहिंग्लजवाली त्याच वेळी फॅमिली कोर्टात. तिच्या डोक्यात, ताईंचा, म्हणजे माझा, पहिला अंगठा आहे म्हणजे ताई जाणार. तिसरीला वाटलं एवढ्या सीनियर दोघी आहेत तर माझं काय काम. नंतर मोजले, त्या फोटोखाली सात अंगठे होते. सात सात सनदा असलेल्या बायका आणि सगळ्या अंगठाबहाद्दर! आणि पक्षकार बाईला धाकटीनं आधीच फोनवर सांगितलेलं, नुसती तारीख आहे, दिवसाचा खाडा करून येऊ नका.

रोजनाम्यात एवढंच आहे, वादी व वादीचे वकील वारंवार पुकारूनही गैरहजर, प्रतिवादीचे वकील हजर, दावा गैरहजेरीत काढून टाकण्यात येतो. दावा गेला की मनाई हुकूमही त्याच्यासोबत गेला.

आम्हाला कळलं कसं? ई-कोर्ट्स अ‍ॅपवरनं नाही. तिसऱ्या दिवशी बाईचा धाकटीला फोन आला, "वकीलबाई, थोरला गावात पेढं वाटालाय, केस निकाली निघाली म्हनतोय, खरं हाय काय?" धाकटीनं बेडवर पडल्या पडल्या अ‍ॅप उघडून बघितलं आणि तिचं बीपी किती झालं ते तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

त्या संध्याकाळी ग्रुपवर जे झालं त्याचे स्क्रीनशॉट माझ्याकडं आहेत आणि मी ते कुणाला दाखवणार नाही. "मला वाटलं" हे दोन शब्द किती वेळा आले असतील! शेवटी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, आम्ही ज्यांना नुसतं बाई म्हणतो, त्यांनी लिहिलं, उद्या साडेपाचला माझ्या ऑफिसला या, फोन बाहेर ठेवून.

मीटिंगमध्ये खरी ठिणगी पडली ती शिरोळच्या पोरीवरनं. ती भावांच्या वकिलांकडं ज्युनियर आहे. त्या दिवशी पुकारा झाला तेव्हा ती स्वतः कोर्टात उभी होती. आमच्याच संघटनेची, धाकटीच्या डोहाळजेवणात ओटी भरायला पुढं असलेली. एकीनं सरळ विचारलं, तुला एक फोन करता आला नाही? पोरगी रडली नाही हे मला आवडलं. म्हणाली, "पहिल्या पुकाऱ्याला मी सरांना म्हटलं की थोडं थांबूया का, त्यांची वकील आजारी आहे. सर म्हणाले आपला अशील कोण, ती का हे? मग मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा."

यावर आमचं तासभर चाललं आणि आजही एकमत नाही. एक बाजू म्हणते समोरच्या वकिलाला "अहो पुकारा झालाय, या लवकर" असा फोन करणं ही कोल्हापूरच्या बारची जुनी रीत आहे, पुरुष वकील एकमेकांना रोज करतात, त्यात कुणाच्या अशिलाचं नुकसान होत नाही, निकाल गुणदोषावर लागावा एवढंच. दुसरी बाजू म्हणते ती रीत सीनियर पाळतो तेव्हा तो दिलदार ठरतो, ज्युनियरनं सीनियरनं नाही म्हटल्यावर पाळली तर ती बेइमान ठरते आणि दुसऱ्या दिवशी तिचं टेबल जातं. मला स्वतःला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला आहे. फोन केला असता तर बरं झालं असतं, पण आमच्या सात जणींच्या हलगर्जीपणाची किंमत त्या पोरीनं तिच्या नोकरीसारख्या असलेल्या जागेनं का मोजायची? बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ ला ज्युनियरला शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा असं परिपत्रक काढलंय, शिफारसच आहे ती, सक्ती नाही. त्या पोरीला काय मिळतं ते मला माहितीये. मैत्रीण म्हणून मागणी करताना हे विसरून चालत नाही. ती मात्र त्या रात्री ग्रुपमधनं बाहेर पडली.

मग दावा परत कसा आणायचा. एक जण म्हणाली वाटपाचाच दावा आहे, सामाईक आहे तोवर वाटप कधीही मागता येतं, नवीन दावा टाकूया. बाईंनी तिथंच थांबवलं. नवीन दावा, नवीन मनाईचा अर्ज, नोटीस लागून भाऊ हजर होईपर्यंत मधल्या वेळात खरेदीपत्र झालं म्हणजे? ऑर्डर ९ रूल ९ खाली रिस्टोरेशन, म्हणजे काढून टाकलेला दावा परत चालू करायचा अर्ज, ३० दिवसांच्या आत, दुसरा विचार नको.

रिस्टोरेशनला गैरहजेरीचं सबळ कारण शपथेवर सांगावं लागतं. सोपा रस्ता समोर होता, धाकटीचं मेडिकल सर्टिफिकेट जोडायचं, गरोदर, बीपी, बेडरेस्ट, कुठलंही कोर्ट ऐकेल. धाकटी नाही म्हणाली. फोनवर आवाज बारीक पण ठाम. "ताई, माझं बीपी एकदा रेकॉर्डवर गेलं की ते कोर्टातच राहत नाही. बाकी बेचाळीस पक्षकारांना आठ दिवसांत कळेल की ही बाई आता उठत नाही. आणि खरं कारण ते नाहीच ना. मी आजारी होते म्हणून दावा गेला नाही, तुम्ही आला नाहीत म्हणून गेला."

काय बोलणार यावर.

शपथपत्र मी केलं. की नेमलेल्या वकिलांच्या वतीनं हजर राहायची जबाबदारी मी घेतली होती, मी दुसऱ्या कोर्टात अडकले, पर्यायी व्यवस्था झाल्याची खात्री केली नाही, यात वादीची काहीही चूक नाही. एकोणीस वर्षांच्या वकिलीत शेकडो लोकांची शपथपत्रं केली असतील, स्वतःच्या चुकीचं पहिल्यांदा. टायपिस्टनं दोनदा विचारलं, मॅडम असंच ठेवायचं ना? सोबत रफिक विरुद्ध मुन्शीलाल, १९८१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल जोडला, वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हे आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी दुसऱ्याच्या चुकीसाठी वापरलेलं.

त्याआधी पक्षकार बाईला सांगणं होतं. गौरी-गणपतीच्या गडबडीत ती कोल्हापूरला आली, कोर्टासमोर चहा घेतला, मी सांगितलं की चूक आमची आहे, तुमच्या वकीलबाईंची नाही, माझी. तिनं बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला आदी सांगितलं असतं तर मी आलो असतो की. म्हसरं काय, शेजारीण बगती." मग थोड्या वेळानं, "दावा परत लागंल वो. पेढं वाटल्यालं कसं परत घ्यायचं?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, सीपीसीतपण नाही.

अर्ज ४ सप्टेंबरला दाखल झाला. भावांच्या वकिलांनी जोरदार म्हणणं दिलं, वादीला दाव्यात रस नाही वगैरे. युक्तिवादाच्या दिवशी शिरोळची पोरगी त्यांच्या मागं फाईल धरून उभी होती, माझ्याकडं बघत नव्हती आणि मीपण बघितलं नाही, तिला अवघड नको. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज मंजूर झाला, दावा मूळ नंबरला आला, मनाई हुकूम पुन्हा चालू, आणि प्रतिवादींना ३,००० रुपये कॉस्ट, म्हणजे खर्चाची भरपाई, द्यायची. म्हणजे त्या पेढ्यांचं बिल शेवटी आम्हीच भागवलं. कॉस्ट पक्षकाराकडनं घ्यायची नाही हे आधीच ठरलेलं. तीन हजार भागिले सात, चारशे अठ्ठावीस रुपये सत्तावन्न पैसे, मी सरळ ४३० घेतले प्रत्येकीकडनं, वरचे दहा रुपये वहीच्या किमतीत वळते केले.

आता वहीबद्दल, कारण मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातनं हातात राहिलं ते तेवढंच. साधी लांब वही, लाल कापडी पाठीची, बाईंच्या ऑफिसला असते. फाईल, तारीख, टप्पा, जाणार कोण, ती अडकली तर कोण, आणि पक्षकाराला फोन झाला का. एका तारखेसमोर एकच नाव आणि एकच राखीव नाव, तिसरी कुणी "मीपण बघते" म्हणाली तर तिला दुसरी फाईल मिळते. ग्रुपवर अंगठा टाकलेला मोजत नाही. जिनं घेतली तिनं वहीत सही करायची, कोर्ट झाल्यावर सहाच्या आत पुढची तारीख भरायची. सही करताना हात जरा थांबतो हे मी स्वतः बघितलंय, अंगठा टाकताना थांबत नाही.

सहीपेक्षा जास्त वाद झाला तो पैशावर. आपल्यात पैसे कसले काढताय, असं म्हणणाऱ्या दोघी-तिघी होत्याच. पण फुकटात काय होतं तर सगळ्यात नवी सनदवाली पोरगी पळवली जाते, कारण तिला नाही म्हणता येत नाही. म्हणून ठरलं, नुसत्या तारखेला रिक्षाभाडं, पुरावा किंवा युक्तिवाद केला तर त्या कामाची फी अर्धी अर्धी, आणि ती धाकटीनं द्यायची, पक्षकाराकडनं परस्पर मागायची नाही. धाकटीला हेच हवं होतं. उपकाराखाली राहून परत यायला तिला जड गेलं असतं, असं ती नंतर म्हणाली.

आणि वकीलपत्र. जिथं पुरावा होणार अशा अकरा फाईलींत आम्ही पक्षकाराच्या सहीनं दुसरं नाव घातलं, तिच्या नावाखाली, तिच्या जागी नाही. कारण नुसतं "मॅडमच्या वतीनं" म्हणून तारीख मिळते, उलटतपास घ्यायला उभं राहिलं की समोरचा विचारतो तुमचं वकीलपत्र कुठाय. काही पक्षकार बिचकले, एकानं तर विचारलं, ह्या बाई तुमची केस घेऊन जाणार नाहीत ना? चांगला प्रश्न आहे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांनी सही करून लिहून दिलंय की सांभाळायला घेतलेल्या फाईलीतला पक्षकार पुढं दोन वर्षं आपल्याकडं आला तरी घ्यायचा नाही. कायद्यानं याला किती किंमत आहे ते वकील म्हणून विचारू नका.

४३ पैकी चार पक्षकार नाहरकत घेऊन दुसरीकडं गेले, तीन प्रकरणं तडजोडीत मिटली, ३६ फाईली संक्रांतीनंतर ती परत आली तेव्हा तिच्या कपाटात होत्या. मुलगी झाली, दिवाळीच्या सुट्टीतच, कोर्ट बंद असताना, म्हणजे वकिलाचीच पोर. परत आली तरी दुपारी दीडला घरी पळायचं असतं, त्यामुळं दुपारच्या बोर्डाची, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीतली, पाच-सहा नावं अजून वहीत आहेत.

मध्ये एकीनं सुचवलं की आता आपण बारच्या निवडणुकीत महिला आरक्षणाचा विषय लावून धरू, सुप्रीम कोर्टानं २ मे २०२४ ला स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा बायकांना ठेवायला सांगितल्यात, मग इथं का नको. धरूया की, मी पहिली सही करते. फक्त कमिटीवर निवडून आलेली बाई बाळंतपणाला गेली तर तिचं बोर्ड कोण बघणार हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवू.

शिरोळची पोरगी डिसेंबरात परत आली. कुणी बोलावलं नाही, एका संध्याकाळी बाईंच्या ऑफिसला येऊन बसली, तिच्या बहिणीचं लग्न होतं आणि आठ दिवस तिच्या स्वतःच्या तीन फाईली कुणी बघेल का विचारायला. गडहिंग्लजवालीनं वही पुढं ओढली, कुठल्या कोर्टात आहेत विचारलं आणि सही केली. भावांच्या दाव्याची फाईल अर्थातच त्या तिनात नव्हती.

त्या दाव्यात वादीचं शपथपत्र दाखल झालंय, उलटतपास गेल्या तारखेला अर्धा झाला. दोन तास चालला, बाई एका प्रश्नालापण अडली नाही. राहिलेला पुढच्या महिन्यात आहे, वहीत जाणार म्हणून धाकटीचं नाव, राखीव म्हणून माझं, आणि पक्षकाराला फोन या रकान्यात धाकटीनं लिहिलंय, "झाला. स्वतः येणार. म्हशी शेजारीण बघते."